‘सगळं छान होतं’ आणि तीन स्टार

एअरबीएनबीसारख्या ॲपवर घर दिवसांच्या हिशेबाने भाड्याने देणाऱ्याला शिव्यांचं फारसं काही वाटत नाही. शिव्या घालणाऱ्याला निदान काय खुपलं ते तरी कळतं. धास्ती असते ती ‘सगळं छान होतं, मालक फार प्रेमळ!’ असं लिहून खाली तीन स्टार ठेवून जाणाऱ्या सज्जनांची. पैकीच्या पैकी मार्क फक्त देवाला, असा त्यांचा बाणा. त्यांच्या लेखी चार स्टार म्हणजे फर्स्ट क्लास. ॲपच्या लेखी जवळजवळ नापास.

एअरबीएनबीवर ‘सुपरहोस्ट’, म्हणजे ॲपने शिक्का मारलेला उत्तम घरमालक, राहायला पाचपैकी सरासरी 4.8 स्टार लागतात. आता गणित करा. कुणी चार स्टार दिले की भरपाईला पाच-पाच देणारे 4 जण लागतात, तीन दिले की 9, आणि एकच दिला तर 19. म्हणजे एकाला पाऊस आवडला नाही म्हणून आपण 19 बिऱ्हाडांच्या चादरी धुवायच्या.

स्वच्छता, संवाद, लोकेशन वगैरे सहा गोष्टींना वेगळे स्टार असतात. एकूण रेटिंग ही त्या सहांची सरासरी असावी, असं कुणालाही वाटेल. तसं नाही. तो स्वतंत्र प्रश्न आहे. त्यामुळे सहाच्या सहा ठिकाणी पाच देऊन एकूण चार देणारी मंडळी असतात, आणि ॲपला त्यात काहीच खटकत नाही. लोकेशनचं तर बोलूच नये. नकाशा बघून बुकिंग करायचं आणि जाताना ‘जरा लांब आहे’ म्हणून दोन स्टार कापायचे. घर सरकवायची सोय अजून निघालेली नाही.

उपाय आहेत, पण ते रिव्ह्यू पडायच्या आधीचे. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, हे जाहिरातीच्या पहिल्या दोन ओळींत लिहा. ते कुणी वाचत नाही, म्हणून बुकिंग झाल्यावर मेसेजमध्ये पुन्हा लिहा. पहिल्या रात्रीनंतर सकाळी विचारा, ‘गरम पाणी आलं ना?’ 15 लिटरचा 2 किलोवॅटचा गीझर रिकामा झाला की पुन्हा तापायला वीसेक मिनिटं घेतो. चौघं ओळीने आंघोळीला गेले की तिसरा गारठतो आणि रिव्ह्यू नेमका तोच लिहितो. वेळेवर कळलं तर वीस मिनिटांचं अंतर ठेवा एवढं सांगता येतं.

रिव्ह्यू काढून टाका म्हणून अर्ज करता येतो. ‘हे खोटं आहे’ एवढ्यावर मात्र काम होत नाही. खरं-खोटं करत बसायला कंपनी तयार नसते. नियम मोडलाय हे दाखवावं लागतं: पैसे परत करा नाहीतर एक स्टार देतो अशी धमकी, किंवा परवानगीशिवाय केलेल्या पार्टीबद्दल टोकल्यावर उगवलेला सूड. पुरावा हवा तो ॲपमधल्याच मेसेजमध्ये. फोनवरच्या धमकीचा मागे काहीच पुरावा राहत नाही, म्हणून अशा गेस्टशी फोनवर गोड बोलून ‘जरा लिहून पाठवता का?’ म्हणावं. गेस्ट येण्याआधीचे आणि गेल्यावरचे खोल्यांचे फोटो हवेतच.

अर्ज फेटाळला गेला तर जाहीर उत्तर देता येतं; त्याला रिव्ह्यू आल्यापासून 30 दिवस असतात. पहिल्या तासात जे सुचतं ते वहीत लिहावं, भाषा फार सुंदर असते. छापायला तीन वाक्यं पुरतात: आभार, काय घडलं, काय दुरुस्त केलं. तो गेस्ट ते वाचणार नाहीच; वाचणार पुढचं बुकिंग करणारा.

दोघांनाही रिव्ह्यू लिहायला 14 दिवस मिळतात आणि दोघांनी लिहिल्याशिवाय किंवा मुदत संपल्याशिवाय कुणाचाच दिसत नाही. आपण आधी लिहिलं की समोरच्याला ‘होस्टने तुमच्याबद्दल लिहिलंय’ अशी सूचना जाते आणि विसरलेला माणूसही जागा होतो. म्हणून त्रासदायक गेस्टबद्दल मुरलेले होस्ट चौदाव्या दिवशी अगदी शेवटच्या घटकेला लिहितात. पंचाईत एवढीच, की मुरलेले गेस्टही नेमके त्याच वेळी फोन हातात धरून बसलेले असतात.