वर्दी मिळेपर्यंतच चारित्र्य?

पोलीस शिपाई भरतीत मैदानी आणि लेखी परीक्षा पार करून निवड यादीत नाव आलेल्या उमेदवाराला नियुक्तीपूर्वी साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. आपल्याला कधी अटक झाली आहे का, गुन्हा दाखल झाला आहे का, खटला चालला आहे का, चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून द्यावे लागले आहे का, असे प्रश्न त्यात असतात आणि निर्दोष सुटका झाली असली तरी ती बाब लिहावीच लागते. मग तो कागद उमेदवाराच्या गावच्या पोलीस ठाण्यात जातो, तिथे जुन्या नोंदी आणि सीसीटीएनएस, म्हणजे गुन्हे व गुन्हेगारांच्या नोंदींची पोलिसांची संगणक प्रणाली, पाहिली जाते आणि अहवाल वर पाठवला जातो. ही चारित्र्य पडताळणी आवश्यकच आहे, याबद्दल माझे दुमत नाही. माझी तक्रार अशी आहे की विशीतल्या पोराला इतक्या बारकाईने हे प्रश्न विचारणारे खाते, तोच माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ते पुन्हा विचारतच नाही.

वकिलीच्या निमित्ताने या पडताळणीत अडकलेली मुले भेटतात आणि त्यांच्या कहाण्या बहुतेक एकाच साच्याच्या असतात. बांधावरून भावकीत भांडण झालेले असते, समोरच्याने घरातल्या झाडून सगळ्यांची नावे दिलेली असतात, पोलिसांनी दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचे बंधपत्र घेण्याची प्रतिबंधक कारवाई, केलेली असते आणि बारावीतल्या या मुलानेही वडिलांबरोबर तहसील कार्यालयात जाऊन एका बंधपत्रावर सही केलेली असते. त्याच्या लेखी तो विषय तिथेच संपलेला असतो. काही वर्षांनी साक्षांकन नमुन्यात तो सरळ ‘नाही’ लिहितो, कारण कोर्टात केस चालली तरच ती केस, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. अहवालात नोंद निघते आणि निवड रद्द होते. ती भांडणामुळे होत नाही, माहिती दडवली म्हणून होते.

अशा मुलांचा न्यायालयांनी पुष्कळ विचार केलेला आहे. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तरुण वयातल्या चुकांकडे उदारपणे पाहावे, असे म्हटले. २०१३ मध्ये मेहर सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने, तडजोडीतून किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दलात घेतलेच पाहिजे असे नाही, अशी कठोर भूमिका घेतली. शेवटी २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या सगळ्याची घडी बसवली: तरुणपणी घोषणा दिल्याचा किंवा तशाच किरकोळ स्वरूपाचा गुन्हा असेल आणि तो सांगायचा राहिला असेल, तर नियुक्ती करणाऱ्याने तारतम्याने निर्णय घ्यावा. प्रत्यक्षात हे तारतम्य कधी दाखवले जाते, कधी दाखवले जात नाही, आणि न दाखवल्यास मुलाला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात खेटे घालावे लागतात. तरीही तिथे निदान नियम आहे, दाद मागण्याची जागा आहे.

वर्दी अंगावर चढल्यानंतर काय आहे? विचारले तर खाते तीन गोष्टी दाखवते. पहिली वार्षिक गोपनीय अहवालाची. तो लगतचा वरिष्ठ लिहितो आणि त्यात तपास, बंदोबस्त, हजेरी यांचे मूल्यमापन असते. दुसरी मत्ता व दायित्वांच्या विवरणपत्राची. ते दरवर्षी दाखल होते, पण त्याचे पाकीट बहुधा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा सापळा यशस्वी झाल्यावरच उघडले जाते. तिसरी पन्नास-पंचावन्नाव्या वर्षीच्या पुनर्विलोकनाची, म्हणजे तोवर नोकरीचा मोठा भाग उलटून गेलेला असतो. या अधिकाऱ्याविरुद्ध घरातून किंवा एखाद्या महिला सहकाऱ्याकडून तक्रार आली आहे का, तो कर्जात बुडाला आहे का, ज्यांना पकडायचे त्यांच्याच बरोबर त्याची ऊठबस आहे का, हे ठरावीक काळाने आणि वरिष्ठाच्या मर्जीबाहेर तपासणारी कोणतीही व्यवस्था यात नाही.

अश्विनी बिद्रे प्रकरण या संदर्भात पुन्हा नीट पाहिले पाहिजे. त्या स्वतः सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये त्या बेपत्ता झाल्या आणि कुटुंबीयांनी त्याच वर्षी पोलिसांकडे तक्रार केली. पुढे त्यांच्या खुनाबद्दल दोषी ठरलेला अभय कुरुंदकर हा पोलीस निरीक्षक तेव्हा सेवेतच होता आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला राष्ट्रपती पदक जाहीर झाले. त्याला अटक झाली ती डिसेंबर २०१७ मध्ये आणि जन्मठेप झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. पनवेलच्या सत्र न्यायालयानेही, अशा माणसाची पदकासाठी शिफारस झालीच कशी, याबद्दल आश्चर्य व्यक्त केले. पदकाच्या शिफारशीसाठी सेवापुस्तक, शिक्षा, बक्षिसे असे सगळे पाहिले जाते. तरीही एका बेपत्ता महिला अधिकाऱ्याचे कुटुंब ज्याच्याकडे बोट दाखवत होते, त्याचे नाव त्या चाळणीतून सहज पार झाले.

फेरपडताळणी सुरू केली की सगळे सुरळीत होईल, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण इंग्लंडचे उदाहरण समोर आहे. तिथे सेवेतल्या अधिकाऱ्यांचीही ठरावीक मुदतीने पडताळणी होते. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात २००१ मध्ये दाखल झालेला डेव्हिड कॅरिक २०१७ मध्ये अशा फेरपडताळणीत उत्तीर्ण झाला आणि २०२३ मध्ये त्याला अनेक बलात्कारांसाठी जन्मठेप झाली. त्याच्याविषयी पोलिसांकडे आधी अनेकदा माहिती आली होती, परंतु एकाही प्रकरणात आरोप ठेवला गेला नाही, म्हणून पडताळणीच्या वेळी कागद कोराच दिसला. सारा एव्हरार्डचे अपहरण करून खून करणाऱ्या वेन कझन्सविरुद्ध २०१५ मध्येच अश्लील वर्तनाची तक्रार झाली होती, तरी २०१८ मध्ये त्याला याच दलात प्रवेश मिळाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या पोलीस निरीक्षणालयाने पडताळणीच्या ७२५ फायली तपासल्या, तेव्हा १३१ प्रकरणांतला निर्णय संशयास्पद आढळला. तक्रारच नोंदवली गेली नाही, तर पडताळणी करणाऱ्याच्या हाती काय लागणार?

दुसरा धोका आपल्याकडे अधिक मोठा आहे. महाराष्ट्रात बदली हेच हत्यार झालेले असताना, पडताळणीचा शेरा हे दुसरे हत्यार व्हायला वेळ लागणार नाही, आणि नको असलेल्या कर्तव्यदक्ष फौजदाराचा काटा काढायला ते फार सोयीचे ठरेल. इंग्लंडमध्येही फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने, बचावाची पुरेशी संधी न देता केवळ पडताळणी काढून घेऊन अधिकाऱ्याला घरी पाठवता येणार नाही, असा निकाल दिला आणि त्यानंतर सरकारला रीतसर नियम करावे लागले. आपल्याकडे राज्यघटनेचे कलम ३११ आहे, म्हणजे चौकशी आणि बचावाची संधी यांशिवाय सरकारी नोकराला सहसा बडतर्फ करता येत नाही; ते बाजूला सारून काही करण्याची मागणी मी करत नाही. शेरा लेखी असावा, अधिकाऱ्याला तो दाखवला जावा, त्यावर उत्तर देण्याची संधी मिळावी आणि निर्णय त्याच्या घटकप्रमुखाने घेऊ नये, एवढे किमान हवे.

राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरण २०१४ च्या कायदा दुरुस्तीने अस्तित्वात आलेले आहे. प्राधिकरणाकडे, महिला आयोगाकडे आणि कार्यालयांतल्या अंतर्गत तक्रार समित्यांकडे आलेल्या तक्रारी, त्यांचा निकाल काहीही लागो, अधिकाऱ्याच्या पडताळणीच्या फायलीत आपोआप नोंदल्या गेल्या पाहिजेत. सगळ्या दलाची फेरपडताळणी एकदम शक्य नाही, हे मान्य आहे. मग सुरुवात दोन ठिकाणांहून करावी: ज्याला पोलीस ठाण्याचा प्रभारी नेमायचे आहे तो अधिकारी, आणि ज्याचे नाव पदकासाठी पाठवायचे आहे तो.