‘पैसे घेऊन गेलो तरी डॅक दिला नाही’ : सांगलीतल्या दुकानाकडून उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढताना वाचला. एक स्टार दिलाय, आणि म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही 38 हजारांचा डॅक (गाण्याच्या डिजिटल फाइलचा सिग्नल बनवून ॲम्प्लिफायरला देणारा डबा) घ्यायला आलात, माल कपाटात समोर दिसत होता, तरी आम्ही दिला नाही. पाऊण तास बसवून चाचणीच्या नावाखाली गोंधळात टाकलं, ‘आधी स्पीकर सरकवून बघा’ म्हणून परत पाठवलं. वर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, ‘काका, तुमच्या कानाला फरक कळणार नाही.’ शेवटी तोच डॅक तुम्ही पुण्याहून मागवला आणि पहिल्याच गाण्यात फरक जाणवला.

आधी त्या मुलाच्या वाक्याबद्दल बोलतो. ते चुकलं, आणि दुकान माझं असल्यामुळे चूक माझी. मनापासून माफी मागतो. वाक्य उद्धट होतं हे तर आहेच, पण ते खरंही नव्हतं. मागे मिरजेला सतारमेकर गल्लीत एका तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग करायला गेलो होतो. कारागीर जवारी लावत होते, म्हणजे तारेचा नाद खुलवत होते, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून बसलो होतो. त्यांनी घोडीवर तारेखालचं सूत नखाने केसभर सरकवलं, तार छेडली आणि नाद एकदम उघडला. खर्जाच्या तारेतून गंधार वेगळा ऐकू यायला लागला. पुन्हा सूत मागं घेतलं की नाद मिटायचा. पाठ असूनही दर वेळी कळत होतं. दोऱ्याचं केसभर सरकणं टिपणारा कान तुम्हालाही आहे, तुम्ही चाळीस वर्षं गाणं ऐकताय. तुमच्या कानाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

मग डॅक का दिला नाही? कारण तुम्ही जी तक्रार सांगितलीत ती डॅकची नव्हती. तुमचे शब्द मला आठवतात: ‘डग्गा घुमतो, आणि गाणाऱ्याचा आवाज त्याच्या मागे दबतो.’ डॅकचं काम एवढंच, की फाइलमधल्या आकड्यांचा विद्युत सिग्नल करून तो ॲम्प्लिफायरला द्यायचा. तुमचा जुना डॅक हे काम व्यवस्थित करतो. 2019 च्या महापुरात तळमजल्यावरची तुमची सगळी सिस्टीम पाण्यात गेली, त्यानंतर तो आमच्याकडूनच नेलात. त्यातली विकृती, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये पडणारी भेसळ, टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षा कमी आहे. चांगल्या स्पीकरचीसुद्धा खालच्या सुरांत एक टक्का सहज असते. म्हणजे शंभर पट.

आता तुम्ही मोबाइलवर दाखवलेला खोलीचा फोटो. दोन्ही स्पीकर शोकेसच्या कप्प्यांत, भिंतीला टेकलेले, एक तर थेट कोपऱ्यात. खोली 12 फूट लांब. एवढ्या लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन भिंतींमध्ये अडकतो आणि फुगतो, त्याच्या दुप्पट 94 ला पुन्हा तेच. डग्ग्याची घुमार याच पट्ट्यात येते. कोपऱ्यातला स्पीकर त्यात आणखी भर घालतो. अशा खोलीत एखादा सूर 10 डेसिबलने वर येणं नेहमीचं आहे, आणि तेवढा फुगलेला डग्गा कोणताही डॅक खाली बसवू शकत नाही, 38 हजारांचा असो की तीन लाखांचा. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, कोपऱ्यातून काढले, तर बराचसा बसतो. फरशीवर सतरंजी टाकलीत तर टाळी वाजवल्यावर जो चरचर आवाज परत येतो तो जाईल. मात्र डग्ग्यावर सतरंजीचा उपयोग नाही, तिथे जागाच बदलावी लागते.

चाचणीचं सांगतो, कारण तुम्हाला ती वेळकाढूपणा वाटली. एक्स्चेंजसाठी तुम्ही जुना डॅक पिशवीतून आणला होता. तो आणि नवा एकाच ॲम्प्लिफायरला जोडले. स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावून दोन्हींचं व्होल्टेज 1 टक्क्याच्या आत जुळवलं. वीस मिनिटं त्यातच गेली. तुम्ही ताटकळत बसला होतात आणि हे कशासाठी चाललंय ते मी आधी सांगायला हवं होतं. ते राहून गेलं, त्याबद्दलही क्षमस्व. कारण असं: दोन आवाजांपैकी एक अगदी थोडासा मोठा असला तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही, ‘खुलासेवार’ म्हणतो, ‘भरीव’ म्हणतो. सगळ्यांच्याच कानाचं हे असं आहे. आवाज जुळवल्याशिवाय केलेल्या तुलनेवर मी माझाही विश्वास ठेवत नाही.

मग कोणता चालू आहे ते न सांगता दहा वेळा ऐकवलं. तुमची सहा उत्तरं बरोबर आली, हे रिव्ह्यूत तुम्हीच लिहिलंय. मात्र नुसतं नाणं उडवलं तरी दहापैकी सहा किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात 38 आहे. म्हणून मी नऊ मागतो. नऊ किंवा दहा निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक. याच दोन डॅकवर मी स्वतः बसलो तेव्हा माझी पाच आली होती.

नवा डॅक 32 बिट आणि 768 किलोहर्ट्झचा, जुना फक्त 24 आणि 96 चा, हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण तुम्ही ऐकता ते बहुतेक सगळं सीडीच्या दर्जाचं, 16 बिट आणि 44.1 किलोहर्ट्झचं. त्यात 22 किलोहर्ट्झपर्यंतचे सूर येतात, आणि माणसाचा कान भर तारुण्यात 20 पर्यंत जातो. 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचं अंतर मावतं. सांगलीच्या उन्हाळ्यात पंखा लावल्याशिवाय कोण बसतं? त्या पंख्याचाच आवाज 40 डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून बरंच हळू जे असेल ते पंख्याखालीच बुडतं. 2007 साली अमेरिकेत सीडीपेक्षा वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग आणि तेच सीडीच्या दर्जाच्या कन्व्हर्टरमधून काढलेलं रेकॉर्डिंग अशी तुलना झाली होती. 554 प्रयत्नांत 276 बरोबर, म्हणजे निम्म्याला निम्मे. पुढे 2016 मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा प्रमाण 52 टक्क्यांच्या थोडं वर निघालं, आणि कान तयार केलेल्या लोकांचं त्याहून बरंच चांगलं. म्हणून फरक कधीच नसतो असं मी म्हणत नाही. असला तर इतका बारीक, की घुमणाऱ्या डग्ग्याखाली तो सापडणार नाही.

डॅक बदलायची वेळ येतेच, आणि तेव्हा मी स्वतःहून सांगतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून गूं आवाज येतो आणि अर्थिंग तपासूनही जात नाही, तेव्हा. टीव्हीचं ऑप्टिकल लावायचंय आणि जुन्या डॅकला ते तोंडच नाही, तेव्हा. 300 ओहमचा हेडफोन घेतलाय आणि आवाज पुरत नाही, तेव्हा. आणि कुणी म्हणालं की मला तो डबा दिसायला आवडतो, नॉब फिरवताना हाताला छान लागतो, तर तेही खरं कारण आहे. मी आनंदाने बिल करतो. तुम्ही मात्र डग्ग्यासाठी पैसे मोजत होतात.

घरी पहिल्याच गाण्यात फरक जाणवला, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या दिवशी जुळवण्याआधी मीटरवर तुमचा जुना डॅक 1.4 व्होल्ट देत होता आणि नवा 2 व्होल्ट. ॲम्प्लिफायरचा नॉब त्याच जागी असेल तर नवा 3 डेसिबल मोठा वाजणार, आणि 3 डेसिबल कुणालाही कळतात. डग्गा अजून घुमतो का, ते मात्र तुम्ही रिव्ह्यूत लिहिलेलं नाही. मला ते जाणून घ्यायचं आहे.

सोमवारी दुकान बंद असतं. तुमची हरकत नसेल तर मल्टिमीटर आणि टेप घेऊन घरी येतो, पैसे लागणार नाहीत. दोन्ही डॅक पुन्हा जुळवून दहा वेळा ऐकू. नऊ आले तर उत्तरांच्या कागदाचा फोटो काढून इथेच, या उत्तराखाली टाकेन. त्याआधी जमलं तर स्पीकर शोकेसमधून खाली घेऊन स्टुलांवर, भिंतीपासून दोन फूट पुढे ठेवून ऐका. आत्ताच्या जागेवर खडूने खूण करून ठेवा, म्हणजे नाही आवडलं तर परत तिथेच ठेवता येतील.

दुकानाचा मालक, सांगली