मॉर्गलिनची सून

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक' ही कॉम्प्युटर गेमची मालिका खेळताना मला शत्रूची भीती वाटत नाही. काळे ड्रॅगन अंगावर आले तर रणांगणातून पळता येतं, आणि पळालेला हिरो, म्हणजे फौजेचा म्होरक्या, गावातल्या गुत्त्यात 2500 मोहरा मोजून परत कामावर ठेवता येतो. आत्यापासून मात्र पळता येत नाही. ती आमच्याकडे मुक्कामाला आली की जेवणानंतर अडकित्ता घेऊन माझ्या खुर्चीमागे बसते आणि पडद्यावर चेहरा दिसला रे दिसला की विचारते, "हा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?"

"अरे, मुलगा कुणाचा? आगापीछा काही असेल की नाही?"

तिसऱ्या भागात 8 प्रकारची शहरं आहेत आणि दर शहराला 16 हिरो, म्हणजे 128 माणसं. बहुतेकांना आगापीछा नसतो. एक चेहरा, एक कसब आणि चार ओळींची माहिती, बस. आत्याला एवढ्यावर समाधान नाही. "स्थळ आलं तरी याहून जास्त लिहितात," असं म्हणून ती त्या माणसाला मोडीत काढते आणि पुढे म्हणते, "यांच्यातलं चांगलं घराणं कुठलं ते दाखव."

चांगलं घराणं आयर्नफिस्टांचं. 1995 साली पहिला भाग आला त्यात मॉर्गलिन आयर्नफिस्ट आहे. चुलतभाऊ रॅग्नरने गादी बळकावली म्हणून हा जीव घेऊन पळाला आणि एनरॉथ नावाच्या नव्या मुलखात येऊन, तिथल्या तीन दावेदारांना हरवून राजा झाला.

"भाऊबंदकी," आत्या म्हणाली. तिच्या सासरी नारळीच्या आगरावरून तीन पिढ्या दावा चालू होता, त्यामुळे पहिल्या भागात तिला काहीच समजावून सांगावं लागलं नाही.

दुसरा भाग 1996 चा. मॉर्गलिनचे दोन मुलगे, रोलंड आणि आर्चिबाल्ड. रोलंड सज्जन, आर्चिबाल्ड वाईट. कोणाच्या बाजूने लढायचं ते खेळणाऱ्याने ठरवायचं. मी आर्चिबाल्डकडून रात्ररात्र जागून त्याला गादीवर बसवलेलं आहे. त्याचा काही उपयोग नसतो. पुढच्या कथेत रोलंडच जिंकलेला असतो आणि आर्चिबाल्डचा दगड झालेला असतो.

"मग तुला विचारलं कशाला?"

याचं उत्तर माझ्याकडे नाही. मतदार या नात्याने मी तो प्रश्न स्वतःलाही विचारला आहे.

"दगड म्हणजे अहल्येसारखा?"

"तसाच."

"मग पाय कुणाचा लागला?"

इथून माझे हाल सुरू होतात. कारण आर्चिबाल्डला दगडातून सोडवणारे लोक या मालिकेत नाहीतच. ते आहेत 'माइट अँड मॅजिक 6' या 1998 च्या गेममध्ये. ती वेगळी मालिका, पण जग एकच. तिथे फौजा हलवायच्या नसतात, चार माणसांची टोळी घेऊन गुहा धुंडाळायच्या असतात. म्हणजे घर एक, पण अर्धी माणसं समोरच्या ओसरीवर आणि अर्धी मागच्या परसात. रोलंडला क्रीगन नावाचे राक्षस पळवून नेतात तेही परसातच. हे राक्षस म्हणजे मुळात परग्रहावरून आलेले प्राणी आहेत, ही माहिती मी आत्यापासून आजवर दडवून ठेवली आहे.

1999 साली तिसरा भाग आला. तो उघडला की रोलंडची बायको कॅथरिन जहाजातून माहेरी निघालेली दिसते. माहेर एरेथिया. वडील राजा ग्रिफिनहार्ट वारले म्हणून अंत्यविधीला चाललेली.

"ही मॉर्गलिनची सून," आत्याने नातं एका दमात लावलं. "नवरा का नाही बरोबर?"

"त्याला पळवलाय."

"कुणी?"

"ते दुसऱ्या गेममध्ये आहे."

"सासऱ्याच्या दिवसांना जावई नाही आणि विचारलं तर दुसऱ्या गेममध्ये!" आत्याने अडकित्ता असा मिटला की मी माउसवरचा हात काढला.

पुढचं सांगायला मी धजत नव्हतो, पण सांगावंच लागलं. राजा ग्रिफिनहार्टला विष घातलेलं असतं. शेजारच्या डेयाच्या राज्यातले प्रेतविद्यावाले त्याचं प्रेत उठवून त्याचा लिच करतात, म्हणजे विचार करणारा, मंत्र टाकणारा सांगाडा. त्यांना त्याची युद्धनीती फुकटात हवी असते. तर हा उठलेला राजा पहिल्यांदा त्यांच्याच प्रमुखाला, विल्मारला, मारतो आणि डेयाची गादी घेतो. मग तेच प्रेतविद्यावाले कॅथरिनशी हातमिळवणी करतात आणि लेकीला बापावर चालून जावं लागतं.

आत्या बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, शोकांतिका पोचली.

"सुतक कसं धरायचं मग?" ती म्हणाली. "पहिल्यांदा मेला तेव्हापासून, की दुसऱ्यांदा?"

विष घालणाऱ्या लॉर्ड हार्टबद्दल मात्र तिने आश्चर्य दाखवलं नाही. हा गृहस्थ एरेथियाचा सरदार म्हणूनही यादीत आहे आणि पलीकडे प्रेतांच्या फौजेतही आहे. "असतात असे. आमच्या तालुक्यात दर निवडणुकीला बघते," एवढंच बोलून तिने सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

राजघराण्याबाहेर तिला आवडलेला माणूस एकच, क्रॅग हॅक. 1986 सालच्या पहिल्या 'माइट अँड मॅजिक'मध्ये आयत्या मिळणाऱ्या टोळीत तो नाइट होता, म्हणजे चांगला चिलखत घालून हिंडणारा. 'हिरोज'मध्ये आला तो उघडाबंब रानदांडगा होऊन. दुसऱ्या भागात आहे, तिसऱ्यात आहे, चौथ्यातही आहे. त्याला ना कुळ, ना राज्य, ना कुणाची गादी हवी. सहाव्या भागाला जोड म्हणून आलेल्या समुद्री चाच्यांच्या मोहिमेत तो पुन्हा हजर झाला तेव्हा जग बदललेलं होतं, मालक बदललेले होते, याचं काम तेच: समोर दिसेल त्याला हाणणे. मला विचाराल तर अख्ख्या मालिकेत खरं स्थैर्य या एका माणसात आहे.

योग नावाच्या हिरोबद्दलही तिला जिव्हाळा आहे. आई जिन्न, बाप रानटी. आईने हौसेने ब्राकाडाच्या जादूगारांकडे शिकायला घातलं आणि पोरगं मंत्र सोडून कुऱ्हाड घ्यायला रानट्यांच्या क्रूलोडला निघून गेलं. आत्याने हे ऐकताना माझ्या चुलतभावाच्या अर्धवट इंजिनिअरिंगचा उल्लेख एकदाही केला नाही, फक्त त्याच्या फोटोकडे पाहिलं.

सँड्रोचं मात्र तिला वावडं. हा दुसऱ्या भागापासूनचा प्रेतविद्यावाला. तिसऱ्या भागाला जोड म्हणून आलेल्या 2000 सालच्या 'शॅडो ऑफ डेथ'मध्ये तो जेम नावाच्या भल्या बाईला आणि आपल्या क्रॅग हॅकलाही गोड बोलून जादूच्या वस्तू गोळा करायला लावतो आणि त्या वस्तू जोडून स्वतःसाठी झगा आणि चिलखत बनवतो. त्यानंतर क्रॅग हॅक पडद्यावर आला की आत्या त्याला मोठ्याने सांगते, "त्याच्या नादी लागू नकोस रे." तो ऐकत नाही. तो मुळात कुणाचंच ऐकत नाही.

मग चौथा भाग, 2002. इथे माझ्या वंशावळीचं पानच फाटलं. तिसऱ्या भागातला अर्धा एल्फ असलेला गेलू आणि रानट्यांचा राजा किल्गोर यांच्या दोन तलवारी एकमेकींवर आपटल्या आणि जगच फुटलं. वाचले ते दरवाजांतून अॅक्सिऑथ नावाच्या दुसऱ्या जगात गेले.

"सगळे?"

"काही."

"यादी?"

यादी कुणी दिलेली नाही. सोल्मिर नावाचा विजा पाडणारा जिन्न तिकडे दिसतो, तो एक ओळखीचा आधार. नव्यांमध्ये गॉल्डोथ नावाचा एक जण आहे, विधी अर्धवट राहिल्यामुळे अर्धा जिवंत आणि अर्धा मेलेला. सुतकाचा प्रश्न पुन्हा निघेल म्हणून मी त्याची मोहीम आत्या गावी गेल्यावरच खेळतो.

2003 मध्ये मूळ मालक थ्रीडीओचं दिवाळं निघालं आणि युबिसॉफ्ट कंपनीने तेरा लाख डॉलरला ही नावं विकत घेतली. घेतली ती नावं, माणसं नाहीत. 2006 च्या पाचव्या भागात सगळं नवंच, जगाचं नाव अशान. मी आत्याला बजावलं होतं की आता जुनं काही शोधायचं नाही. तेवढ्यात पडद्यावर राजा निकोलाय आला.

आत्या ताठ बसली. निकोलाय हे रोलंड-कॅथरिनच्या मुलाचं नाव. आई-बाप कामात असताना हा राजपुत्र सर्कस बघायला पळतो, हेही परसातच घडतं, आणि आत्याला त्या पोराची काळजी लागून राहिली होती.

"आला का सर्कशीतून?"

"नाही गं, हा वेगळा निकोलाय. हा ग्रिफिन साम्राज्याचा राजा."

"म्हणजे आईकडचं आडनाव लावलंय. ग्रिफिनहार्ट."

"आत्या, ते जगच वेगळं आहे!"

"जग वेगळं असलं म्हणून आजोळ सुटतं होय?"

मी हात टेकले. त्यात हा निकोलाय लढाईत मरतो आणि मार्कल नावाचा प्रेतविद्यावाला त्याला व्हँपायर करून उठवतो. आत्या इतक्या शांतपणे म्हणाली, "बघ, आजोबांवर गेला," की क्षणभर मलाही ते पटलं. तेव्हापासून मी तिच्या तक्त्यात ढवळाढवळ करत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर तिने तो शिसपेन्सिलीने आखला आहे, मेलेल्यांपुढे फुली आहे, उठलेल्यांपुढे फुली खोडलेली आहे आणि क्रॅग हॅकच्या पुढे नुसतं 'आपला' लिहिलेलं आहे.

2024 मध्ये नवा भाग जाहीर झाला, 'ओल्डन एरा'. कथा जुन्याच जगात परत जाते, तीही या सगळ्यांच्या आधीच्या काळात. ही बातमी मी तिला फोनवर सांगितली.

"म्हणजे मॉर्गलिनच्याही आधीचे?"

"हो."

"मग तो रॅग्नर कुणावर गेला ते कळेल. मी शनिवारच्या एसटीने येते. आणि तू आत्ताच खेळायला बसू नकोस, मला पहिल्यापासून बघायचंय."