जोग्लो हलवला की मरतो?

गेले काही दिवस एक मजकूर ग्रुपमागून ग्रुपमध्ये फिरतोय. सोबत काळपट सागवानी खांबांचा फोटो. म्हणणं थोडक्यात असं: जावा बेटावरची ‘जोग्लो’ घरं म्हणजे मूळची हिंदू मंदिरं, ती उपटून त्यांच्या मशिदी करतात, अशी इमारत जागची हलवली की मेलीच, आणि वारसा पुसायचा म्हणूनच हे सगळं चाललंय. फोटो छान आहे. बाकीचं बघू.

पहिलं, मंदिर. जावातली जुनी मंदिरं दगडाची किंवा विटांची आहेत, नवव्या शतकातलं दगडी प्रंबानन बघा. जोग्लो हे राहतं घर, तेही सरदार-अंमलदार, सुखवस्तू माणसाचं. साधी माणसं कांपुंग किंवा लिमासान छपराखाली राहायची. प्रार्थनास्थळाचं छप्पर जावानी सुतार वेगळंच धरतात. त्याला ताजुग म्हणतात, त्याच्या चारही उतरणी वर एका टोकाला मिळतात. जोग्लोच्या माथ्यावर मात्र आखूडसं आढं असतं. एवढं तर कुठल्याही जोग्लोच्या फोटोत दिसतं.

एक गोष्ट मात्र मान्य. घराच्या आतल्या बाजूला सेन्थोंग नावाच्या तीन खोल्या असतात. त्यातली मधली भाताच्या देवीची, देवी श्रीची. तिथे उशा रचलेला, सजवलेला पलंग, ज्यावर रोज कुणी झोपत नाही. मुसलमान कुटुंबांतही हे चालत आलं. नाव ऐकून आपले कान टवकारणारच. पण त्या न्यायाने आपल्याकडचं देवघर असलेलं प्रत्येक घर मंदिर ठरेल.

आता ‘हलवलं की मेलं’. इथे मजकूर लिहिणाऱ्याने सुतारकाम बघितलेलंच नाही. मधोमध चार मुख्य खांब, सोको गुरू. त्यांच्या डोक्यावर एकावर एक रचलेल्या, वर जाताना पसरत जाणाऱ्या तुळया, तुम्पांग सारी. साध्या जोग्लोत भोवताली आणखी बारा खांब. लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खोबणीत बसतं आणि लाकडी मेख ठोकून पक्कं होतं. खांब जमिनीत गाडत नाहीत, उम्पाक नावाच्या दगडावर उभे करतात. वाड्यातला तळखडा आठवा, काम तेच. छपराचा भार भिंतीवर नसतोच, भिंत म्हणजे नुसता पडदा.

त्यामुळे उतरवायचा क्रम ठरलेला. आधी कौलं, मग रिपा, वासे, मग तुळया, सगळ्यात शेवटी सोको गुरू. प्रत्येक नगावर खूण करायची, कारण पूर्वेचा खांब पश्चिमेला बसवला तर खोबणी जुळत नाहीत. नव्या जागी उलट क्रमाने चढवायचं. घर बांधायला शेजारीपाजारी मजुरी न घेता राबायचे, त्याला जावात सांबातान असा शब्द आहे. ज्या समाजात घर ही अशी उतरवून पुन्हा उभी करता येणारी वस्तू आहे, तिथे ‘उपटलं’ हे क्रियापदच चुकीचं.

आणि ही टूम आजची नाही. देमाकची मोठी मशीद जावातल्या सर्वात जुन्या मशिदींपैकी. तिच्या ओसरीचे आठ खांब मजापाहित या जावातल्या जुन्या हिंदू-बौद्ध राज्याच्या राजवाड्यातून आणले, असं तिथली परंपरा सांगते.

फक्त मशिदीच? जावातल्या योग्याकार्ता शहराच्या दक्षिणेला गंजुरानचं कॅथलिक चर्च आहे, 1924 चं. 27 मे 2006 च्या भूकंपात ते कोसळलं आणि नवं बांधलं ते जावानी छपराचं. हलवून आणलेलं नव्हे, नवंच. पण त्या आवारातल्या छोट्या मंदिरात येशू जावानी राजाच्या वेशात बसलेला आहे. तो फोटो फॉरवर्डमध्ये कसा नाही?

राहिला वारसा संपवण्याचा आरोप. संपतोय हे खरं, पण गिऱ्हाईक बघा कोण आहे. त्याच भूकंपानंतर योग्याकार्ताजवळच्या जुन्या कोतागेदे वस्तीतली पडझड झालेली घरं मालकांना दुरुस्त करणं झेपेना. जुना साग म्हणजे पैसा. जोग्लो विकले जातात ते व्हिला, हॉटेल, रेस्तराँसाठी, नाहीतर फळ्या होऊन फर्निचरसाठी. उलट प्रार्थनेसाठी वक्फ केलेली मालमत्ता इंडोनेशियाच्या 2004 च्या कायद्यानुसार विकता येत नाही, वारसांत वाटताही येत नाही. माझ्या लेखी लाकडासाठी याहून बरा आसरा विरळाच.

हलवण्यात काही जात नाही असं मात्र नाही. योग्याकार्ताकडची जुनी घरं बहुतेक दक्षिणाभिमुख. मक्का तिथून पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे 25 अंश. म्हणजे एकतर जोतंच वळवून घालायचं, नाहीतर आत नमाजाच्या रांगा तिरप्या आखायच्या. हा तिरपेपणा तिथे चेष्टेचा विषय नाही. पुढे 1912 मध्ये मुहम्मदिया ही मुस्लिम संघटना स्थापन करणारे अहमद दहलान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योग्याकार्ताच्या मोठ्या मशिदीतली दिशा चुकल्याचं दाखवलं, तेव्हा त्यांचं स्वतःचं छोटं प्रार्थनाघर पाडलं गेलं. पाडायला लावणारे मशिदीचेच अधिकारी होते.

दुसरं नुकसान फॉरवर्डवाल्यांच्या नजरेतून सुटलंय. नमाजाला मोकळा, बिनभिंतींचा मंडप हवा, म्हणून नेतात तो बहुधा पुढचा पेन्डोपो. मागची सेन्थोंग, तिचे कोरीव पडदे आणि देवी श्रीचा पलंग यांना मशिदीत काम नाही. ते वेगळे विकले जातात.