गिऱ्ह्याचं चित्र कोण काढणार?

कोल्हापूरला माझ्या भाचीच्या दप्तरात जुन्जी इतोच्या ‘उझुमाकी’ या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, खंड सापडला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटला. आठवीतली मुलगी, आणि पुस्तकात काय, तर भोवऱ्याच्या वळणाने झपाटलेलं आख्खं गाव आणि गोगलगायी होऊन भिंतीवर चढणारी शाळकरी पोरं. ताईने पुस्तक काढून घेतलं. दाजींचं म्हणणं, असलं वाचूनच पोरं पुढे बुवाबाबांच्या नादी लागतात. मामेभावाने विचारलं, आपण आजीकडून हडळीच्या नि मुंज्याच्या गोष्टी ऐकल्या तेव्हा कुणी कुणाला अडवलं होतं? शेवटी एकाने निकाल दिला: जपानी लोक पुढारलेले, ते भूतबित मानत नाहीत, त्यांना अशी पुस्तकं परवडतात. आपल्याकडे भुताच्या नावाने माणसं मारली जातात, आपल्याला नाही परवडत.

यातला आपल्याकडचा भाग खरा आहे आणि गंभीर आहे. जपानचा भाग मात्र, टोकियोत इतकी वर्षं काढल्यावर, मला खोडूनच काढला पाहिजे.

जपानी माणूस भूत मानतो की नाही हे त्याला विचारून कळत नाही, भाड्याने घर शोधायला लागलं की कळतं. ज्या घरात आत्महत्या किंवा खून झाला, किंवा एकटं माणूस मरून बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही, त्या घराचं भाडं पडतं. प्रश्न इतका रोजच्या व्यवहारातला आहे की २०२१ मध्ये इथल्या भूमी मंत्रालयाने दलालांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. असा मृत्यू झालेलं घर भाड्याने देताना साधारण ३ वर्षं नव्या भाडेकरूला ते सांगायचं, असं त्यात म्हटलं आहे. पाया खणण्याआधी शिंतो पुजारी बोलावून जागेची शांत करण्याची रीत मोठ्या बांधकाम कंपन्याही पाळतात.

पितृदोषही इथे विकला जातो. तुमच्या पूर्वजांवर शाप आहे, घरातलं आजारपण त्यामुळेच, तो उतरवायचा तर हा कलश घ्या, ही देणगी द्या, असं सांगून घरंच्या घरं धुऊन नेणारे लोक इथे अनेक दशकं होते. जुलै २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली. मारेकऱ्याच्या आईने युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथाला प्रचंड देणग्या देऊन घर कंगाल केलं होतं, हे त्यानंतर बाहेर आलं आणि देश हादरला. त्याच डिसेंबरमध्ये संसदेने कायदा केला: दैवी दृष्टीचा दावा करून, भीती घालून देणगी उकळणं बेकायदा. आपल्याकडे २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्या डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. दोन्ही देशांना एकेका खुनानंतर जाग आली, हे मला फार लागतं. पण दोन्ही कायद्यांनी बोट बरोबर ठेवलं आहे: भीती घालून लुबाडणाऱ्यावर, छळणाऱ्यावर. इथे त्या काळात टीव्हीवर, ऑफिसात, रेल्वेत मी जेवढी चर्चा ऐकली, तिच्यात भुतांच्या मंगांवर बंदी घाला असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही.

दाजींना मी इनोउए एन्र्यो यांच्याबद्दल लिहिलं. जन्म १८५८, घराणं बौद्ध पुरोहितांचं, शिक्षण तत्त्वज्ञानाचं. १८८७ मध्ये त्यांनी काढलेली शाळा पुढे तोयो विद्यापीठ झाली. हा माणूस गावोगाव हिंडून व्याख्यानं द्यायचा आणि भूत-पिशाच्चांच्या हकिगती गोळा करून एकेकीचं कारण शोधायचा. मुलं नाण्यावर बोटं ठेवून ‘कोक्कुरी-सान’ला प्रश्न विचारतात, आपल्या प्लँचेटचाच प्रकार, त्याचा उलगडाही त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केला. लोक त्यांना भूतांचे प्राध्यापक म्हणत. टोकियोच्या नाकानो भागात त्यांनी उभारलेली तत्त्वज्ञानाची बाग आजही आहे. तिच्या एका दरवाजाच्या दोन्ही बाजूंना मूर्ती आहेत: एकीकडे लांब नाकाचं तेंगू हे जपानी पिशाच्च, दुसरीकडे बाईचं भूत. अंधश्रद्धेशी आयुष्यभर झुंजलेल्या माणसाने स्वतःच्या दारात भूत उभं केलं. त्याला भुताचा त्रास नव्हता, भुताच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीचा होता.

मंगातली भुतं ज्यांच्यामुळे घराघरांत गेली ते शिगेरू मिझुकी (१९२२–२०१५) वेगळ्या वाटेने आले. साकाइमिनातो हे त्यांचं किनाऱ्यावरचं गाव. तिथे ‘नोन्नोनबा’ नावाची एक गरीब म्हातारी त्यांना देवळात नेऊन नरकाचं चित्र दाखवायची, घरातल्या नि रस्त्यावरच्या भुतांची नावं सांगायची. रात्री मागून पावलं वाजली तर बाजूला हो आणि ‘बेतोबेतो-सान, तुम्ही पुढे व्हा’ म्हण, असला उपाय मिझुकींच्या पानोपानी भेटतो. महायुद्धात पॅसिफिकमधल्या राबाउलच्या आघाडीवर त्यांचा डावा हात गेला. एका हाताने त्यांनी आयुष्यभर भुतं काढली आणि त्याच हाताने युद्धात फुकट मेलेल्या सोबत्यांची कथाही काढली. रात्री वाट अडवणारी नुरिकाबे नावाची अदृश्य भिंत लोककथांच्या नोंदीत होती, तिला डोळे आणि हातपाय मिझुकींनी दिले. आपल्या चकव्याची ती बहीणच म्हणायची. आज साकाइमिनातोच्या रस्त्यावर त्यांच्या पात्रांचे पावणेदोनशेहून अधिक ब्राँझचे पुतळे आहेत आणि पोरं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात. डोळ्यांनी पाहिलेल्या, चित्रकाराच्या सहीच्या भुताला कुणी अंगात येऊ देत नाही, हे मी माझ्या मुलात रोज पाहते. ज्याला रूप नाही त्याचीच भीती घालता येते.

आता अवघड गोष्ट. १९७३ मध्ये जिरो त्सुनोदांची भुताखेतांची एक मंगा मुलांच्या साप्ताहिकात सुरू झाली आणि कोक्कुरी-सानचं वेड शाळाशाळांत पसरलं. मुलं घाबरून आजारी पडली, अनेक शाळांनी खेळावर बंदी घातली. तेव्हा गोष्टीचा परिणाम होतच नाही असं मी म्हणणार नाही. नंदुरबारकडे बाईला डाकीण ठरवून मारतात, त्या गावात बसून ‘ही फक्त कथा आहे’ म्हणणंही सोपं नाही. माझा मुद्दा इतकाच की तिथे मारणाऱ्याच्या हातात पुस्तक नसतं. त्याच्यामागे भगत असतो, जमिनीचा वाद असतो, जवळपास दवाखाना नसतो.

आणि भाचीच्या वयाच्या मुलीच हे का वाचतात? भयकथांची मंगा इथे मोठ्या प्रमाणावर मुलींच्या मासिकांतूनच वाढली. काझुओ उमेझूंनी १९६५ च्या सुमारास मुलींच्या साप्ताहिकात साप झालेली आई काढली. इतोची तोमिए १९८७ मध्ये मुलींसाठीच्या भयकथा-मासिकातून आली. वर्गातले मुलगे आणि शिक्षक मिळून तिचे तुकडे करतात आणि ती पुन्हा शाळेत हजर होते. घरात आणि वर्गात ज्या भीतीबद्दल मुलींना बोलता येत नाही, ती या पानांवर उघडी असते. ताईला मी एवढंच सुचवलं, आधी तू वाच, मग तिच्याशी बोल.

आपल्याकडे ही भीती नाही असं थोडंच आहे? नाशिकला १९०९ मध्ये ज्यांची हत्या झाली त्या कलेक्टर जॅक्सनने शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती मागवली होती. ती १९१५ मध्ये एन्थोवेन या इंग्रज अधिकाऱ्याने लोकसमजुतींच्या कोकणच्या खंडात छापली. जपानी लोककथांचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांचं तोनो गावच्या दंतकथांचं पुस्तक १९१० चं, म्हणजे काळ एकच. यानागितांनी नोंदवलेली भुतं चित्रकारांच्या हाती गेली. तोनोमध्ये तर आज पर्यटकांना ‘कप्पा’ नावाचं पाण्यातलं भूत पकडण्याचा परवाना मिळतो! मास्तरांची यादी मात्र ग्रंथालयात पडून राहिली. तिच्यात वेताळ, समंध, देवचार, खवीस, झोटिंग, पाण्यातला गिऱ्हा, सगळे आहेत. आणि बायका आहेत: बाळंतपणाच्या दहा दिवसांत मेलेली हडळ, सवाष्ण मेलेली जखीण, विधवा मेलेली लावसट. कोण कशी मेली यावरून भूत ठरायचं. कोकणातल्या बायका कशाने मरत होत्या त्याचा हा दस्तऐवज आहे, आणि तो आपण अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकला.

आज पुण्या-कोल्हापूरची मुलं ‘जुजुत्सु कायसेन’ या मंगाची पात्रं हुबेहूब काढतात, मी इन्स्टाग्रामवर बघते. यांपैकी कुणाला तरी एखाद्या प्रकाशकाने वर्षभराचं मानधन द्यावं आणि कोकणचा तो खंड हातात ठेवावा. सुरुवात लावसटीपासून करावी. ती कुठल्या घरातली, तिचे केस कुणी कापले, आणि मेल्यावर ती पहिल्यांदा कुणाच्या दारात उभी राहिली.