"शहरात बसून लिहिणं सोपं असतं" म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या धबधब्यांवर मी लिहिलं की गावाला विचारल्याशिवाय तिथं काही करू नका, त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली. गावकऱ्यांना विचारत बसलं तर विकास कधीच व्हायचा नाही, पोरांचा रोजगार बुडेल, गोवा बघा कुठं गेला, आणि शेवटी "शहरात बसून असलं लिहिणं सोपं असतं". त्याच भागातलं भीमगड अभयारण्य २०१२ ला नव्हे, २०११ ला जाहीर झालं, ती चूक माझी, दुरुस्त केलीय.

पण ते शेवटचं वाक्य दोन दिवस डोक्यातनं जाईना. मुद्दा खोडा की, माझ्या घरापर्यंत कशाला येता? होय, मी बेळगाव शहरात टिळकवाडीत राहतो, नोकरी आहे म्हणून. आजोळ माझं खानापूर तालुक्यातलं, दहावीपर्यंतची एकेक सुट्टी तिथं गेलीय, लावणीला वाकून वाकून कंबर धरलेली आहे माझी. धबधब्याची वाट मामाच्या बांधावरनं जाते. रविवारी गाड्यांची रांग लागते, लोक बाटल्या बांधावरच फोडतात आणि काच चिखलात दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात म्हशीच्या खुरात हिरव्या काचेचा तुकडा घुसला, मामा मोबाइलच्या उजेडात चिमट्यानं तो काढत होता, म्हैस थरथरत होती आणि दावं धरून मी उभा होतो. त्या रात्री मी कुठल्या शहरात होतो, सांगा.

तरी मामा कधी म्हणाला नाही की लोक येऊच नकोत. गाड्या अलीकडं माळावर थांबवा आणि वाट पाणंदीनं न्या, एवढंच त्याचं म्हणणं. पण ते सांगायचं कुणाला? ग्रामसभा सहा महिन्यांतनं एकदा तरी घ्यायची असा कायदा आहे, आमच्या गावात ती ऐन लावणीत सकाळी ११ ला लागते, नोटीस नुसती कन्नडमधनं, मामीला वाचता येत नाही. अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा, म्हणजे जिथं बांधकाम-उद्योगांवर बंधनं येतात त्या पट्ट्याचा, मसुदा राजपत्रात आला की हरकतीला ६० दिवस मिळतात, पण ते राजपत्र गावात आणून वाचून दाखवणार कोण? आमच्या गावाला अजून एकदाही कुणी नीट विचारलेलं नाही, मग विचारण्यामुळं विकास अडला हे कुठनं आलं?

रोजगार, गोवा वगैरे नंतर कधीतरी, त्यात मला फार दम वाटत नाही.

पुढची ग्रामसभा लागली की तारीख इथं टाकतो, यायचं असेल तर या, मामाच्या शेजारी बसून ऐका. आणि यापुढं माझ्या राहत्या जागेवर घसरलात तर प्रतिक्रिया काढून टाकीन.