दाखल्यावर सेप्सिस, वाद कोरोनाचा

आयसीयूतल्या मृत्यूवरून पुण्यातल्या दोन घरांत झालेले वाद मी जवळून ऐकले. पहिलं घर सासरचं. 2021 च्या एप्रिलमध्ये थोरले काका कोरोनाने ॲडमिट झाले, व्हेंटिलेटरवर गेले. तिसऱ्या आठवड्यात टेस्ट निगेटिव्ह आली, घरात जरा हायसं वाटलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण होतं ‘सेप्टिक शॉक’, म्हणजे सेप्सिसची बीपी कोसळण्यापर्यंत गेलेली अवस्था. घरचे आजही म्हणतात, कोरोनातून तर उठले होते, हॉस्पिटलने घालवलं. दुसरं घर कोथरूडला, माझ्या आत्याचं. गेल्या वर्षी तिला लघवीचा संसर्ग झाला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, आणि आयसीयूत नेईपर्यंत बीपी लागत नव्हतं. कोरोनाची टेस्ट निगेटिव्ह होती. तिच्याही कागदावर तेच कारण. आत्येभाऊ फोनवर पुन्हा पुन्हा विचारत होता, “ताई, कोरोना नव्हता, तर मग इतक्या झपाट्याने कसं काय झालं?”

मी पुण्यात नर्सिंग शिकले आणि इंग्लंडमध्ये लीड्सला एका सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करते. महासाथीच्या आधी, महासाथीत आणि नंतरही सेप्सिसचे पेशंट सांभाळले आहेत. काका आणि आत्या एकाच गोष्टीने, सेप्सिसने गेले, आणि आपल्या चर्चेत तिला जागाच नाही, हे मला सांगायचं आहे. संसर्गाशी लढताना शरीराचा प्रतिकार बेताल होतो, आपल्याच अवयवांना इजा करतो आणि जीव धोक्यात येतो. 2016 पासून सेप्सिसची हीच व्याख्या जगभर वापरली जाते. संसर्ग अमुकच जंतूचा हवा अशी अट त्यात नाही. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, मधुमेहाच्या पायाची चिघळलेली जखम, कोरोना, सुरुवात कुठूनही होते. व्हेंटिलेटरवर गेलेला कोरोनाचा पेशंट या व्याख्येने बहुतेक वेळा सेप्सिसचाच पेशंट असतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2020 साली आलेल्या अंदाजानुसार 2017 या एका वर्षात जगात सुमारे 4 कोटी 89 लाख लोकांना सेप्सिस झाला आणि 1 कोटी 10 लाख लोक गेले. दर पाच मृत्यूंमागे साधारण एक. आणि ते वर्ष कोरोनाच्या आधीचं.

पेशंटजवळ उभं राहिलं की कोरोना आणि बॅक्टेरियाचा सेप्सिस यांतला फरक दिसतो. पहिल्या लाटेतला कोरोनाचा माणूस ऑक्सिजन 80 वर आलेला असताना घरी फोनवर बोलत असायचा. आजार बराच काळ फुप्फुसातच राहायचा, बीपी टिकायचं, आणि मग व्हेंटिलेटरवर आठवडेच्या आठवडे जायचे. बॅक्टेरियाच्या सेप्सिसला एवढी उसंत नसते. हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, रक्तातलं लॅक्टेट चढतं (अवयवांना रक्त पुरेसं पोहोचत नसल्याची खूण), सकाळी चहा प्यायलेल्या माणसाला संध्याकाळी बीपी टिकवायला नॉरॲड्रेनालिन लावावं लागतं. औषधंही थोडी वेगळी ठरली. जून 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोनसारख्या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोरोना पेशंटांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात.

त्याच काळात पुण्यातल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर ‘सायटोकाइन स्टॉर्म’, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शरीरात उठणारं वादळ, हा शब्द फिरत होता आणि माणसं ते शमवणाऱ्या टोसिलिझुमॅब या महागड्या इंजेक्शनसाठी अंगावरचे दागिने मोडत होती. त्या औषधाचा ठरावीक पेशंटना, स्टेरॉइडच्या जोडीने, फायदा होतो हे पुढे सिद्धही झालं. पण ज्या वादळाची एवढी धास्ती घेतली, त्यात मोजलं जाणारं इंटरल्यूकिन-6 हे रक्तातलं द्रव्य कोरोनाच्या पेशंटांमध्ये नेहमीच्या सेप्टिक शॉकपेक्षा कितीतरी कमी असायचं, असे अभ्यास 2020 मध्येच आले होते. आत्याला झालं ते वादळ जास्त जुनं आणि जास्त जोराचं. त्याच्यासाठी कुणी रात्र-रात्र फोन फिरवले नाहीत.

आणि कोरोनाचा सेप्सिस आणि बॅक्टेरियाचा सेप्सिस यांच्या धोक्यातला फरकही काळाबरोबर आटत गेला. मॅसॅच्युसेट्समधल्या पाच रुग्णालयांच्या पाहणीत कोरोनाच्या सेप्सिसमधला मृत्यूदर 2020 च्या सुरुवातीच्या सुमारे 33 टक्क्यांवरून 2022 च्या अखेरीस 15 टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे बॅक्टेरियाच्या सेप्सिसइतकाच. म्हणून आज आयसीयूच्या दारात “कोरोना आहे की नाही” या प्रश्नाच्या उत्तराने धोका कमी-जास्त ठरेल, असं मानायला फारसा आधार उरलेला नाही.

काकांकडे परत येते, कारण त्यांच्या घरचा राग मला समजतो. टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे आयसीयूतला माणूस बरा झाला असं होत नाही. घशात नळी, मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी), लघवीची नळी, वरून स्टेरॉइड. यातल्या प्रत्येक वाटेने दुसरा जंतू आत शिरू शकतो. 2020 मध्ये आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, देशातल्या 10 रुग्णालयांतल्या 17,534 कोरोना रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी 3.6 टक्क्यांना नंतर बॅक्टेरिया किंवा बुरशीचा संसर्ग झाला आणि त्या गटातले 56.7 टक्के दगावले, तर एकूण रुग्णांतले 10.6 टक्के. सर्वांत जास्त सापडला क्लेबसिएला, त्याखालोखाल ॲसिनेटोबॅक्टर. हे दोन्ही बॅक्टेरिया रुग्णालयांत मुक्काम ठोकणारे, आणि बहुतेक वेळा मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही न जुमानणारे.

म्हणजे घरच्यांच्या बोलण्यात तथ्याचा अंश आहे. मग त्याची चौकशी नीट व्हायला हवी. सेंट्रल लाइनचे संसर्ग या आयसीयूत किती होतात? एका नर्सकडे किती पेशंट होते? पहिलं अँटिबायोटिक किती वाजता गेलं? पुण्यात भांडण होतं ते बिलावर, डिपॉझिटवर, फार तर काचा फोडण्यावर जातं, आणि मग डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्धच्या 2010 च्या कायद्याची आठवण करून दिली जाते. बिलाचा प्रश्न खोटा नाही. त्यापायी घरं विकलेली मी पाहिली आहेत. पण संसर्गाचे आकडे मागणारं कुणी मला अजून भेटलं नाही. इंग्लंडमध्ये एमआरएसए आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या रुग्णालयांत पसरू शकणाऱ्या दोन जंतूंच्या संसर्गांचे आकडे दर रुग्णालय-संस्थेला कळवावे लागतात आणि ते नावानिशी प्रसिद्ध होतात. आमच्या विभागात त्या आकड्यांचा धाक खरा आहे. हात धुवायला सिंक जवळ नसेल तर नर्स तक्रार करते आणि तिचं ऐकलं जातं.

कोरोना होता की नव्हता, याला आपल्याकडे पैशाचंही वजन आलं. जून 2021 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वारसांना 50,000 रुपये मिळू लागले. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून 30 दिवसांत झालेला मृत्यू कोरोनाचा धरायचा, हा नियमही झाला. तो न्याय्यच होता. ज्यांचा कर्ता माणूस गेला त्यांनी कागदासाठी खेटे घातले, त्यांना नावं ठेवणार नाही. फक्त त्या धडपडीत ‘सेप्सिस’ ही दाखल्यावरची अडचण होऊन बसली. कागदावर तो शब्द आला की लोकांना वाटतं काहीतरी लपवलंय. खरं तर मूळ कारण कोरोना आणि शेवटचं कारण सेप्सिस, दोन्ही एकाच दाखल्यावर वेगवेगळ्या ओळींत लिहायची सोय आहे, आणि तसंच लिहायला हवं.

औषधाच्या दुकानांबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये सांगितलं की महासाथीत रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे 75 टक्के कोरोना पेशंटना अँटिबायोटिक दिलं गेलं, गरज असू शकेल असा बॅक्टेरियाचा संसर्ग होता फक्त 8 टक्क्यांना. आपल्याकडे 2014 पासून शेड्यूल एच-1 लागू आहे. सेफिक्झिमसारखी गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि विक्रीची नोंद ठेवायची. सुट्टीत पुण्याला आले की मी बघते, नाव सांगितलं की पट्टी हातात पडते. आत्यालाही पहिल्या दिवशी कुणीतरी तशीच तीन गोळ्यांची पट्टी आणून दिली होती.

इंग्लंडमधलं सगळं उत्तम असं मी म्हणणार नाही. इथे डॉक्टरची वेळ मिळायला दिवस जातात, इमर्जन्सीत पेशंट तासन्‌तास कॉरिडॉरमध्ये पडून असतात. पुण्यात तोच माणूस संध्याकाळी फॅमिली डॉक्टरला दाखवतो आणि रात्री सीटी होऊन रिपोर्ट हातात असतो. हे फार मोठं बळ आहे. महासाथीत एका पेशंटला एक नर्स हे आमचं प्रमाणही मोडलं होतं. पण इथल्या वॉर्डात श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, ताप आणि शुद्ध यांना गुण देऊन बेरीज करतात. ती 5 झाली की तातडीने बघायला कुणीतरी यावंच लागतं, 7 झाली की आणखी धावपळ. नव्याने सुरू झालेल्या गोंधळलेल्या बोलण्याला एकट्याला 3 गुण आहेत. आत्याचं असंबद्ध बोलणं घरात सगळ्यांनी ऐकलं होतं, “ताप डोक्यात गेलाय” असं म्हणून तिला झोपू दिलं.

2021 मध्ये लंडनला मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी सेप्सिसने गेली. तब्येत बिघडतेय असं आई-वडील सांगत होते, त्यांचं ऐकलं गेलं नाही. वेळेत अतिदक्षता विभागात हलवली असती तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत 2022 मध्ये नोंदवलं गेलं. आईने ते प्रकरण लावून धरलं आणि 2024 पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘मार्थाज् रूल’ येऊ लागला. नातेवाइकाला पेशंट खालावतोय असं वाटलं, तर दिवसरात्र केव्हाही एक नंबर फिरवायचा, आणि अतिदक्षतेची वेगळी टीम येऊन बघून जाते. परवानगी लागत नाही. पहिल्यांदा आम्हा नर्सनाच धास्ती वाटली होती की फोनचा पाऊस पडेल. आलेल्या फोनांमुळे खरोखर आयसीयूत हलवावे लागलेले पेशंट पाहिल्यावर ती धास्ती गेली.

पुण्याला हे इंग्लंडपेक्षा सोपं जावं. आपल्याकडे वॉर्डात प्रत्येक पलंगाशी घरचं माणूस रात्रभर बसलेलं असतं. सून, मुलगा, शेजारचे काका. “आई कालच्यासारखी बोलत नाही” हे सिस्टरच्या आधी त्यांना कळतं. आज ते सांगितलं तर “तुम्ही बाहेर थांबा” असं उत्तर मिळतं, पुन्हा सांगितलं तर कटकट्या नातेवाईक असा शिक्का बसतो. महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात, ससूनमध्ये, औंधच्या जिल्हा रुग्णालयात एका-एका वॉर्डापासून सुरुवात करता येईल. भिंतीवर मराठीत पाच-सहा लक्षणं, खाली एक नंबर, आणि तो उचलणारी, त्या वॉर्डाशी संबंध नसलेली एक टीम. खासगी रुग्णालयांना नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी महापालिका हाच प्रश्न विचारू शकते: रात्री दोन वाजता नातेवाइकाने हाक मारली, तर तुमच्याकडे कोण येतं?